थँक्सगिव्हिंगचा सामना कोणाच्या मालकीचा?

अमेरिकेतील दोन शेजारी हायस्कुलांमधली शंभर वर्षांची फुटबॉलची चुरस संपते, तेव्हा ती सहसा मैदानावर संपत नाही. पुढच्या हंगामाचे वेळापत्रक लागते, त्यात नेहमीच्या तारखेसमोर शेजारच्या गावाऐवजी भलत्याच शाळेचे नाव असते, एखादा जुना खेळाडू फोन करून चौकशी करतो आणि शाळेच्या क्रीडा संचालकाकडून दोन-तीन वाक्यांचा खुलासा येतो : दोन्ही संघ आता तुल्यबळ राहिलेले नाहीत, गुणांच्या हिशेबात हा सामना परवडत नाही, खेळाडूंच्या हिताचा विचार करून निर्णय घेतलेला आहे. यातले प्रत्येक कारण सुटे काढून पाहिले तर बहुतेक वेळा खरेच असते. माझा आक्षेप त्या कारणांपेक्षा निर्णय घेणाऱ्याच्या अधिकारावर आहे. दोन घरांमधली सामाईक भिंत एका घरमालकाला स्वतःच्या सोयीने पाडता येत नाही, आणि तीन-चार पिढ्यांनी मिळून उभी केलेली लढत ही त्याच प्रकारची मालमत्ता आहे, असे माझे म्हणणे आहे.

येथे फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल : लंबगोल चेंडू, हेल्मेट, खांद्यावरचे पॅड आणि अकरा-अकरा जणांची धडक. हा खेळ व्यावसायिक होण्याच्या कितीतरी आधी शाळाकॉलेजांचा होता. कनेक्टिकट राज्यातील न्यू लंडन आणि नॉर्विच फ्री अकॅडमी यांची लढत १८७५ पासूनची मानली जाते. मॅसॅच्युसेट्समधील नीडम आणि वेल्स्ली या गावांची चुरस १८८२ ची, तर बॉस्टन शहरातील लॅटिन आणि इंग्लिश या दोन शाळांची १८८७ ची. केंटकीतील लुइव्हिल शहरात मेल आणि मॅन्युअल या शाळा १८९३ पासून एकमेकींविरुद्ध उभ्या आहेत, आणि ओहायोत मॅसिलॉन आणि कँटन मॅकिन्ली यांचा पहिला सामना १८९४ चा आहे. ज्या एनएफएल या व्यावसायिक फुटबॉलच्या लीगकडे आज साऱ्या देशाचे डोळे लागलेले असतात, ती १९२० मध्ये याच कँटन शहरात स्थापन झाली. म्हणजे तिच्या जन्माआधी पाव शतक कँटन आणि मॅसिलॉनची मुले एकमेकांशी झुंजत होती. मॅसिलॉनमध्ये जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या पाळण्यात एक छोटा फुटबॉल ठेवण्याची प्रथा पडली, आणि तिथले मैदान आज पॉल ब्राऊन यांच्या नावाने ओळखले जाते, ज्यांनी १९३२ ते १९४० या काळात त्या शाळेचा संघ घडवला आणि पुढे क्लीव्हलँडचा व्यावसायिक संघ उभा केला. यांतली बहुतेक गावे मोठी नाहीत. पण वर्षातून एक दिवस त्यांना स्वतःकडे पाहण्याची जी संधी मिळे, ती शेजारच्या गावाच्या डोळ्यांतून मिळे.

पूर्वेकडच्या राज्यांत हा दिवस बहुधा थँक्सगिव्हिंग या कृतज्ञतेच्या सणाचा, म्हणजे नोव्हेंबरमधल्या चौथ्या गुरुवारचा असतो. सकाळी सामना, दुपारी घरचे जेवण, असा क्रम कित्येक कुटुंबांत इतका मुरला की शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेरगावी गेलेली माणसे मैदानावरच एकमेकांना भेटत. १९३९ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी नाताळच्या खरेदीचा हंगाम लांबावा म्हणून थँक्सगिव्हिंग एक आठवडा अलीकडे आणला, तेव्हा ज्यांनी आरडाओरडा केला त्यांत फुटबॉलचे प्रशिक्षकही होते, कारण सामन्यांच्या तारखा आधीच ठरलेल्या होत्या. राष्ट्राध्यक्षांनी सुटी हलवली तेव्हा ज्याच्यासाठी एवढी ओरड झाली, ते वेळापत्रक आज शाळेच्या कचेरीतला एक माणूस एका दुपारी बदलू शकतो, हा बदल लहान म्हणता येणार नाही.

तो घडला कसा, हे समजून घ्यायचे तर प्लेऑफकडे, म्हणजे नेहमीचे सामने संपल्यावर राज्याचा विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांकडे, पाहावे लागते. पूर्वी राज्याचा विजेता ठरवण्याची पद्धत फारशी न्याय्य नव्हती. ओहायोत १९७२ पर्यंत पत्रकारांच्या मतदानावर विजेता ठरे, पेनसिल्व्हेनियात १९८८ पर्यंत राज्यव्यापी अंतिम सामनाच नव्हता, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये हंगामोत्तर सामन्यांत मोजक्याच संघांना, बहुतेक करून आपापल्या लीगच्या विजेत्यांना, जागा मिळे. त्यामुळे थँक्सगिव्हिंगच्या सकाळी लीगचे विजेतेपद पणाला लागलेले असे आणि शेजाऱ्याला हरवणे व पुढे जाणे ही एकच गोष्ट असे. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने सर्व विभागांसाठी मोठी प्लेऑफ स्पर्धा सुरू केली. ही स्पर्धा नोव्हेंबरमध्येच सुरू होते, उपांत्य फेरी थँक्सगिव्हिंगच्या आधी संपते आणि अंतिम सामने त्यानंतर होतात. परिणाम असा की शंभर वर्षांचा सामना उपांत्य आणि अंतिम फेरीच्या फटीत सापडला. अंतिम फेरीत गेलेल्या संघाचा प्रशिक्षक गुरुवारी आपला क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, मैदानात उतरवून जायबंदी करून घेईल, अशी अपेक्षा कोण करणार? तो राखीव मुले उतरवतो. समोरचा संघ आधीच बाहेर पडलेला असतो, त्याच्यातले कित्येक जण मनाने हिवाळी खेळांकडे वळलेले असतात. सामना होतो, पण त्यात काय पणाला लागले आहे हे कोणालाच सांगता येत नाही. काही शाळांनी तो बुधवारी रात्रीवर नेला, काहींना प्लेऑफच्या सोडतीमुळे एकाच महिन्यात त्याच शेजाऱ्याशी दोनदा खेळावे लागले, आणि दुसऱ्यांदा खेळताना पहिल्या सामन्याची धार बोथट झालेली होती.

यात प्लेऑफचा दोष काढणे सोपे आहे आणि मी तो काढणार नाही. चांगल्या संघाला राज्यभर आपली ताकद अजमावता यावी, ही मुलांची इच्छा रास्तच आहे. अडचण गुणपद्धतीच्या आतल्या रचनेत आहे. ओहायोचे उदाहरण घ्या. तिथे प्लेऑफची पात्रता संगणकीय गुणांवर ठरते. तुम्ही किती सामने जिंकले एवढेच त्यात मोजत नाहीत, तर तुम्ही ज्यांना हरवले त्यांनी किती जिंकले हेही मोजतात, आणि मोठ्या विभागातल्या शाळेला हरवले तर जास्त गुण मिळतात. कागदावर ही पद्धत निर्दोष आहे. पण तिच्यामुळे शेजारची शाळा हा एक आकडा होतो. शेजाऱ्याचा हंगाम वाईट गेला की त्याला हरवूनही हाती फारसे काही लागत नाही. त्याच आठवड्यात दोन तासांच्या अंतरावरची एखादी बलाढ्य शाळा मिळाली तर तो सौदा फायद्याचा ठरतो. मॅसिलॉन आणि मॅकिन्ली टिकले, कारण दोघेही बलवान राहिले आणि एकमेकांना गुणांच्या हिशेबातही परवडत राहिले. ज्या जोड्यांतला एक जण दुबळा झाला, त्यांची परीक्षा खरी. नाते टिकवण्यासाठी दोघांनीही सतत यशस्वी राहण्याची अट घालणारी ही पद्धत आहे, आणि ती अट घालताना तसे कोणाच्या मनातही नव्हते.

या विषयावर लिहिणाऱ्यांचा नेहमीचा मोह जुन्या दिवसांबद्दल हळहळण्याचा असतो. त्याला आवर घालायला ह्यूस्टनची एक हकीकत पुरेशी आहे. तिथल्या जॅक येट्स आणि फिलिस व्हीटली या दोन कृष्णवर्णीयांच्या शाळा १९२७ पासून थँक्सगिव्हिंगला एकमेकींशी खेळत. टेक्सासमध्ये शाळा वर्णभेदाने विभागलेल्या होत्या, राज्याच्या मुख्य क्रीडासंघटनेचे दार कृष्णवर्णीय शाळांना बंद होते आणि त्यांची स्वतंत्र संघटना प्रेअरी व्ह्यू या नावाने चाले. शुक्रवारची रात्र गोऱ्या शाळांची, म्हणून यांना बहुधा बुधवार-गुरुवारी मैदान मिळे. अशा उरलेल्या जागेत या समाजाने जे उभे केले, ते जेपसन स्टेडियमवर तीस हजारांहून अधिक प्रेक्षक खेचू लागले. दोन्ही शाळांच्या मिरवणुका निघत, मध्यंतरात दोन्ही शाळांनी 'राणी' म्हणून निवडलेल्या मुलींचा मानसन्मान होई, आणि शहरातल्या कृष्णवर्णीय समाजाचा तो वर्षातला सर्वांत मोठा मेळावा होता. पुढे वर्णभेदाच्या भिंती पडल्या, कृष्णवर्णीय शाळा मुख्य संघटनेत आल्या, तिथल्या प्लेऑफचे वेळापत्रक थँक्सगिव्हिंगच्या आधीच सुरू होत होते, आणि १९६६ नंतर तो सामना त्या दिवशी झाला नाही. दोन्ही शाळा पुढेही एकमेकींशी खेळल्या, पण हंगामातल्या कुठल्याशा इतर तारखेला.

या घटनेकडे कसे पाहायचे? विभक्त शाळांची व्यवस्था गेली याबद्दल कोणा शहाण्या माणसाला खंत वाटणार नाही. तरीही हिशेब नीट मांडायला हवा. समानतेकडे जाताना दोन्ही बाजूंना काही सोडावे लागले असते तर गोष्ट वेगळी होती. येथे मुख्य संघटनेच्या वेळापत्रकात एक आठवडाही इकडचा तिकडे झाला नाही, आणि जे सोडायचे ते सारे नव्याने आत आलेल्यांनी सोडले. चाळीस वर्षांच्या मेळाव्याचे काय करायचे, असा प्रश्न त्यांना विचारण्याची गरज कोणाला भासली नाही, कारण वेळापत्रक आधीच तयार होते. सामना बंद होणे योग्य होते की नाही या वादापेक्षा, तो बंद करताना कोणाला विचारले नाही, ही गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये किंवा ओहायोत गोऱ्या उपनगरांनी जी कुरकुर केली, तिच्या कितीतरी आधी हे घडून गेले होते, आणि तेव्हा त्याची दखल फार थोड्यांनी घेतली.

काही वेळा सामना थांबवणे भागच असते. १९६२ च्या थँक्सगिव्हिंगला राजधानी वॉशिंग्टनच्या नव्या स्टेडियममध्ये सरकारी शाळांचा विजेता ईस्टर्न आणि कॅथलिक शाळांचा विजेता सेंट जॉन्स यांच्यात शहराचा अंतिम सामना झाला. प्रेक्षक सुमारे पन्नास हजार. एक शाळा प्रामुख्याने कृष्णवर्णीय, दुसरी प्रामुख्याने गोरी. सामना संपताच हाणामारी पेटली, शेकडो लोक जखमी झाले आणि त्यानंतर तो वार्षिक सामना बंद झाला. ज्यांनी तो बंद केला त्यांना मी दोष देणार नाही. माणसे जखमी होत असताना परंपरेचे नाव पुढे करणे हा निर्लज्जपणा ठरला असता. फक्त एवढे नोंदवावेसे वाटते की त्या शहरातला वर्णद्वेष सामन्याने निर्माण केलेला नव्हता आणि सामना गेल्याने तो कमीही झाला नाही.

आणि काही ठिकाणी तर निर्णय घ्यायला कोणी शिल्लकच राहत नाही. १९३९-४० मध्ये अमेरिकेत १ लाख १७ हजारांहून अधिक शालेय जिल्हे होते. आज ते तेरा हजारांच्या आसपास आहेत. या आकड्यात किती सामने गाडले गेले असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. ओहायोतील यंग्सटाउन शहरात १९ सप्टेंबर १९७७ रोजी पोलादाच्या कारखान्यांपैकी पहिला मोठा कारखाना बंद होणार असल्याचे जाहीर झाले, तो दिवस तिथे अजून काळा सोमवार म्हणून ओळखला जातो. पुढच्या तीस वर्षांत लोकवस्ती घटत गेली तशा नॉर्थ, साउथ, रेयन आणि विल्सन या शाळा एकामागून एक मिटल्या. पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्गच्या वायव्येला सेंटर आणि मोनाका या शेजारी शालेय जिल्ह्यांनी २००९ मध्ये आपणहून विलीन होऊन सेंट्रल व्हॅली ही नवी शाळा काढली. तिच्या संघाने २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे आपल्या विभागात राज्याचे विजेतेपद मिळवले. येथे तक्रारीला जागा नाही, कारण लोकांसमोर चर्चा झाली, आकडे मांडले गेले, दोन्ही बाजूंनी होकार दिला. जुने शेजारी आता एकाच रंगाचे शर्ट घालून एकाच बाजूला बसतात. माझ्या युक्तिवादाला सर्वांत जवळचे उदाहरण शोधायचे तर ते हेच आहे, आणि गंमत म्हणजे ते दोन शाळा नाहीशा होण्याचे आहे.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळतो, कारण त्याला बगल देऊन हा विषय मांडता येत नाही. असमान संघांचा सामना धोक्याचा असतो. एका बाजूला सत्तर मुलांचा संघ, दुसरीकडे कशीबशी जमवलेली पंचवीस, त्यांतली काही चौदा वर्षांची. अशा वेळी दुबळ्या संघातली मुले आक्रमण आणि बचाव दोन्हींत खेळतात, थकतात, आणि थकलेल्या मुलाच्या डोक्याला मार लागण्याची भीती जास्त असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मेंदू दान केलेल्या २०२ माजी खेळाडूंपैकी १७७ जणांमध्ये सीटीई हा डोक्याला वारंवार मार बसण्याशी जोडला जाणारा मेंदूचा विकार आढळला. त्यांत फक्त हायस्कूलपर्यंत खेळलेले १४ जण होते आणि त्यांपैकी ३ जणांत तो होता. ज्यांना त्रास जाणवत होता त्यांच्याच कुटुंबांनी मेंदू दान करण्याची शक्यता अधिक, त्यामुळे हे प्रमाण सर्व खेळाडूंना सरसकट लावता येत नाही. पण त्याकडे डोळेझाकही करता येत नाही. डोक्याला मार लागलेल्या मुलाला वैद्यकीय परवानगीशिवाय पुन्हा मैदानात उतरवू नये, असा कायदा २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने केला आणि २०१४ पर्यंत सर्व पन्नास राज्यांत तसे कायदे झाले. पालकांनीही आपला निर्णय कृतीतून सांगितला : २००८-०९ च्या सुमारास अकरा जणांच्या हायस्कूल फुटबॉलमध्ये अकरा लाखांहून अधिक मुले होती, २०२१-२२ मध्ये ती संख्या दहा लाखांच्या खाली आली, आणि त्यानंतर ती थोडीफार सावरली आहे.

तेव्हा मुलांची संख्या पुरेशी नसेल तर सामना त्या वर्षी होऊ नये, यात दुमत नाही. परंतु असमानतेचे कारण देताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जातात. मुलांना इजा होण्याची भीती ही एक गोष्ट. एकतर्फी सामन्याने आपल्या हंगामाची शोभा कमी होते, ही दुसरी. पहिलीसाठी उपाय आहेत : कनिष्ठ संघांचा सामना ठेवता येतो, वेळ कमी करता येते, एक-दोन वर्षांची विश्रांती घेता येते. लहान शाळांसाठी तर नेब्रास्कातल्या हेब्रन येथे १९३४ मध्ये स्टीफन एपलर यांनी सहा जणांचा फुटबॉल शोधून काढला, तो मुले कमी पडली म्हणून खेळ सोडायचा नाही याच हट्टातून. दुसऱ्या गोष्टीसाठी मात्र मला सहानुभूती नाही. बॉस्टन लॅटिनमध्ये प्रवेशपरीक्षेने मुले घेतली जातात, इंग्लिशमध्ये तशी परीक्षा नाही, आणि गेल्या काही दशकांत फुटबॉलचे पारडे लॅटिनकडे चांगलेच झुकलेले आहे. तरी त्या दोघी खेळत राहिल्या. हरणाऱ्या शाळेला आपण पुन्हा येऊ असे वाटत असेल, तर जिंकणाऱ्याने तिच्या वतीने दया दाखवून सामना मोडण्याचे कारण नाही. दुबळ्याच्या हिताचे नाव घेऊन बलवानाने काढता पाय घेणे, हा प्रकार फुटबॉलपुरता मर्यादित नाही, पण फुटबॉलमध्ये तो फार उघडपणे दिसतो.

याउलट काय होऊ शकते, याचे उदाहरण डेलावेअर नदीवर आहे. एका काठावर न्यू जर्सीतले फिलिप्सबर्ग, दुसऱ्या काठावर पेनसिल्व्हेनियातले ईस्टन. १९०६ मध्ये सुरू झालेली त्यांची चुरस थँक्सगिव्हिंगला ईस्टनमधल्या लाफायेट कॉलेजच्या मैदानावर रंगते. दोन वेगळी राज्ये, दोन वेगळ्या क्रीडासंघटना, प्लेऑफचे दोन वेगळे नियम. कोणत्याही एका संघटनेला हा सामना आपल्या चौकटीत बसवता येत नाही, आणि मला वाटते त्यामुळेच तो वाचला आहे : तो कोणाच्या गुणपत्रकाचा भाग होऊ शकत नाही, म्हणून दोन्ही गावांना तो दर वर्षी हवासा वाटावा लागतो.

विद्यापीठांच्या बाबतीत तुटलेले पुन्हा जुळू शकते, असे कोणी म्हणेल. टेक्सास विद्यापीठ आणि टेक्सास ए अँड एम यांचा १८९४ पासूनचा सामना २०११ मध्ये थांबला, कारण एका विद्यापीठाने अधिक उत्पन्नाची लीग निवडली. दुसरेही त्याच लीगमध्ये आल्यावर २०२४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. जे दूरचित्रवाणीच्या पैशाने तोडले ते त्याच पैशाने जोडले. हायस्कूलच्या सामन्याला असा वाली नाही. दहा वर्षे तो झाला नाही की त्या काळात शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना शेजारच्या गावाबद्दल काहीच वाटत नाही, राग तर नाहीच, कुतूहलही नाही. बँडला जुनी धून येत नाही आणि फिरता चषक कोणत्या कपाटात आहे हे शोधावे लागते.

म्हणून माझी मागणी साधी आणि काहीशी रुक्ष आहे. अमेरिकेतल्या शालेय मंडळांचे सदस्य बहुतेक ठिकाणी निवडून आलेले असतात आणि त्यांच्या बैठका जनतेला खुल्या असतात. शाळेचे बोधचिन्ह बदलायचे असेल तर तिथे रात्री उशिरापर्यंत लोक बोलतात, कधी आवाज चढतात, मतदान होते. शंभर वर्षांचा सामना मात्र कार्यालयीन पत्रव्यवहारात संपतो. ज्या लढतीला पन्नासहून अधिक वर्षे झाली आहेत ती बंद करायची असेल, तर दोन्ही गावांच्या मंडळांनी एकत्र बसावे, प्रशिक्षकांनी आणि डॉक्टरांनी आपले म्हणणे मांडावे, हल्लीच्या खेळाडूंना आधी विचारावे आणि माजी खेळाडूंना नंतर, आणि निर्णय किमान एक हंगाम आधी जाहीर व्हावा. त्या बैठकीत सामना बंद करण्याचा ठराव झाला तरी माझी तक्रार राहणार नाही. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये थंडीत कुडकुडत बसलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांना आपण शेवटचा सामना पाहत आहोत हे ठाऊक असेल, आणि शेवटची शिट्टी वाजल्यावर घाईने गाडीकडे न जाता ती काही वेळ मैदानावरच रेंगाळतील.